मधली खुर्ची

१० एप्रिल १९८३, लातूर
आलो एकदाचे. लेकाला, पंढरीला, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत नोकरी लागली आणि त्याच्यामागोमाग मीही अर्धापूरच्या केळीची गार सावली सोडून या उघड्याबोडक्या गावात आलो. तरी गाव मला आवडलं. जिकडे तिकडे कोऱ्या पाट्या, ओल्या चुन्याचा वास, बाळंतघरासारखं वाटतं. पाऊस तेवढा रुसलाय. टँकरपाशी बायका भांडून राहिल्या होत्या आणि माझी नात फुला त्या भांडणाच्या ठेक्यावर शाळेतली कविता म्हणून राहिली होती. चाल माझीच. जन्मभर पोरांकडून कविता गाऊन घेतल्या, दुसरं काय येतं मला.

घर मलप्पा नावाच्या फोटोग्राफरचं. तो वारला आणि घर भाड्यानं निघालं. मागच्या खोलीत त्याची नक्षीची खुर्ची अजून तशीच आहे.

१३ एप्रिल
रांजण डुगडुगतो म्हणून सूनबाई सकाळपासून कुरकुरत होती. खाली हात घातला तर पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो पाचर म्हणून सारलेला. पुसला. मधे खुर्चीत एक आजोबा, कपाळभर विभूती, गळ्यात हार, भोवती सारं गणगोत हात जोडून उभं. खुर्ची मागच्या खोलीतलीच.

मग नादच लागला. मांडणीवरच्या कागदाखाली एक आजीबाई निघाल्या, खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी एक तरुण. सगळे त्याच खुर्चीत, सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. साठीशांत असेल, कुठं साखरपुडा असेल. पण मधल्या माणसाचा मान केवढा! ओळीनं भिंतीला लावून टाकले.

माझ्या पंचफुलाचा एकही फोटो नाही. चेहरा आठवायचा तर नातीकडे बघतो. म्हणून तर तिला आजीचंच नाव ठेवलं.

१७ एप्रिल
चौकातल्या नजीर फोटोवाल्याला घरी बोलावलं. तोही नवाच, नांदेडहून धंद्यासाठी आलेला. मी त्याला भिंतीवरचे फोटो दाखवले, अगदी अशीच पाहिजे म्हटलं. फुलाला खुर्चीत बसवलं, हार घातला, हौसेनं विभूतीही लावली. आम्ही भोवती हात जोडून उभे. मास्टरसाब, नवरीलाबी एवढं नटवत न्हाईत, असं म्हणून तो हसला. आम्हीही हसलो. फुला मात्र अजिबात हलली नाही. एरवी एक जागी बसेल तर शपथ.

२१ एप्रिल
शेजारच्या नागम्मा ताक घेऊन आल्या. भिंतीकडे पाहिलं, तांब्या खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला. गुरुजी, हे तुमचे कोण लागतात म्हणून लावलेत, असं विचारलं. कुणी नाही, देखणे वाटले म्हणून लावले, असं मी सांगितलं. तर म्हणाल्या, आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवत न्हाईत. न्हाऊ घालून, विभूती लावून बसवतात अन् घरच्यांसंगं शेवटचा फोटो काढतात. डोळे मलप्पा मागून रंगवायचा, लई हात चांगला होता त्याचा. दुष्काळात ज्यांची माणसं गाव सोडून गेली, त्यांचे फोटो न्यायला कुणी आलंच न्हाई.

मग दारात थांबून म्हणाल्या, जित्या माणसाला मात्र तो त्या खुर्चीत टेकू द्यायचा न्हाई. का विचारलं तर म्हणायचा, ती बसवलेल्याला उठू देत न्हाई.

त्या गेल्यावर फोटो उतरवून ठेवले.

२२ एप्रिल
फुलाला ताप. पंढरी म्हणतो, टँकरचं पाणी. असेल.

२३ एप्रिल
नजीर प्रत घेऊन आला. आम्ही सगळे नीट आलोत. फुलाचे डोळे मिटलेले. पापणी लवली असेल म्हणाला, काळजी नका करू मास्टरसाब, ब्रशनं उघडून देतो. मी फोटो त्याच्या हातातून ओढून घेतला.

त्या दिवशी आम्ही हसत होतो. फोटोत सगळे रडून थकल्यासारखे.

२५ एप्रिल
ताप हटत नाही. डॉक्टरांनी औषध बदललं. फोटो मी काल चुलीत घातला. कोपरा न् कोपरा जळालेला पाहिला.

आज मांडणीवरचा कागद बदलताना खाली तोच.

पंढरीला दाखवला. बाबा, ऊन लागलं तुम्हाला, म्हणाला. फोटोकडे मात्र दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

२६ एप्रिल
पुन्हा नजीरला बोलावलं. या खेपेला मी बसलो. हार, विभूती, सगळं. फुला सूनबाईच्या कडेवर, अंग नुसतं भाजतंय. सूनबाई मला लाखोली वाहत होती, घरात लेकरू असं अन् म्हाताऱ्याला हौस. वाहू दे.

बाहेर एवढं ऊन, खुर्ची मात्र विहिरीच्या काठासारखी गार. मनात म्हटलं, तुला माणूस पाहिजे ना. हा घे. पिकलेला आहे.

२८ एप्रिल
ताप उतरला. वाटीभर पेज प्याली. माझी बोटं गार पडत चालली. बरं वाटतं. हेच तर मागितलं होतं —

२९ एप्रिल
फुला अंगणात. कविता म्हणते आहे, माझ्याच चालीत. ऐकत लिहितो. हात जड —

नजीर आताच पाकीट देऊन गेला. म्हणाला, झकास आलाय. एकीचे डोळे तेवढे रंगवले, न विचारता.

एकीचे —

उघडलं. मी उभा आहे. मागं. हात जोडून. मी बसलो होतो, सगळ्यांनी पाहिलं, मी —

खुर्चीत फुला. हार. विभूती. डोळे टक्क. रंग ओला. बोटाला लागला

अंगणात आवाज थांबला. कडवं अर्धंच. ती कधीच मधे

हाक मारली. पुढची ओळ म्हण, म्हटलं. ओ देत —