चोंदलेल्या नाकाची परीक्षा

आई, आज सकाळपासून माझं नाक चोंदलंय आणि तुझी फार आठवण येतेय.

बाबा गेल्यावर आपण काकांच्या घरी राहायला लागलो, आणि तू नाशकातल्या भद्रकालीत तपकिरीच्या कारखान्यात तंबाखू कुटायला जायला लागलीस. तिथं बायका दिवसभर शिंकायच्या, नाकं बंद व्हायची, डोकी ठणकायची. तिथल्याच एका म्हातारीकडून तू श्वासाच्या युक्त्या शिकलीस. चुलीपाशी मी तोंड उघडं ठेवून बसले की फुंकणीनं माझा गुडघा ठोकायचीस. "तोंड मीट. नाक काय नथ घालायला दिलंय?" डोकं दुखलं की डोळे मिटून लांब, हळू श्वास सोडायला लावायचीस. काकांचा राग आला की तू स्वतःही तेच करायचीस, आणि तेवढ्यात भाजी करपायची.

एकोणीसशे तीसनंतरचं नाशिक ते. मुलगी शिकून नोकरी करणार म्हटलं की गल्ली बघायला यायची. शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी मुली निवडायच्या होत्या. मोठ्या बाईंसमोर उभं राहून धडा वाचायचा होता. काकांनी बजावलं होतं, "निवड झाली नाही, तर वैशाखात हिचं लग्न उरकायचं." आणि नेमकं त्या सकाळी माझं नाक गच्च. "माझं नाव" म्हणायला गेले तर "बाझं दाव" निघालं. मी रडायला लागले, तसं नाक आणखीच बंद. तू कामावर खाडा केलास, माझ्याबरोबर आलीस आणि शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, मला भिंतीला टेकवून उभं केलंस.

"रडू नको. श्वास सोड. आता नाक धर, तोंड मीट अन् मान हलव हळूहळू. बस, सोड. नाकानंच घे, घाई नाय." रांगेतल्या मुली हसायला लागल्या. "घरी चल ना," मी म्हणाले. तू म्हणालीस, "हसू दे. त्यांची नाकं उघडी हायेत, हसतील नाय तर काय. पुन्हा धर." एक नाकपुडी उघडली. दुसरी काही केल्या उघडेना, आणि तेवढ्यात आतून हाक आली. बाईंसमोर मी तुझ्यासारखा लांब श्वास सोडते आणि वाचायला लागते. धड्यातले मामा मधेच बाबा होतात. बाई खुदकन हसतात, मलाही हसू येतं, भीती जाते आणि पुढचं पान मी खणखणीत वाचते. निवड झाल्याचं कळलं, तशी तू पुढं आलीस. पदरानं माझं नाक पुसलंस, एवढ्या मोठ्या मुलीचं, बाईंच्या समोर.

पुढं मी आयुष्यभर शिकवलं. तू गेलीस त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. हे पत्र टाकणार तरी कुठं? राहील उशीखाली. नातीला उचकी लागली की मी तिला समोर बसवते, श्वास थोडा रोखायला आणि हळू सोडायला लावते, आणि सांगते, ही माझ्या आईची युक्ती. एक सांगू? तिची उचकी थांबली तरी मी तिला लगेच उठू देत नाही. तेवढ्यात तुझी आणखी एक गोष्ट सांगून घेते.