आईच्या पियानोची किंमत

दादा,

तुला आकडा हवाय, तो फोनवर सांगेन. हे पत्र मात्र पोस्टात टाकणार नाही.

पियानोची किंमत काढायला माणूस आला होता. तारा ताणून धरणाऱ्या आतल्या खुंट्या पिळून बघत म्हणाला, "या ज्या फळीत बसवल्यात, तीच चिरलीय. संध्याकाळी सूर लावलात, तर सकाळी उतरलेला. भंगारात द्या."

आई स्वतःच सूर लावायची. रोज सकाळी ओरडायची, "रात्री कुणीतरी येऊन माझा पियानो बिघडवतं!" आपल्याला सुरातलं ओ की ठो कळत नाही, तरी तू ठरवलंस, हिचं डोकं फिरलंय. वृद्धाश्रमात नेऊन ठेवलंस.

काल धावत जाऊन तिला म्हटलं, "आई, पियानो खरंच बिघडत होता गं!"

गोळ्यांनी जड झालेल्या जिभेने तिने विचारलं, "कुठला पियानो?"

तिची बॅग भरून देणारी,
तुझी धाकटी बहीण