हरकत घेणारा माणूस हवा

चि. ठमी वकीलसाहेब यांस, मोठ्या काकाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी कंबर आता बरी असेल असं मी धरून चालतो. (खुर्चीत उशी घे म्हणून सांगितलं होतं, पण वकिलाला सल्ला द्यावा कोणी.) आम्ही दोघे म्हातारे आहोत तसे आहोत. मी जेवतो. तुझा बाबा ताटाशी बसतो.

कोर्टात काय झालं ते त्यानं तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतो. जन्मभर त्यानं हाउसिंग सोसायट्यांचीच भांडणं लढवली. बाकीचे वकील खुनाबिनाच्या मागे असताना हा आपला गळक्या गच्च्या, अडवलेले जिने आणि दुसऱ्याच्या जागेत लावलेल्या गाड्या यांत रमला. कधी सोसायटीकडून, कधी सभासदाकडून. शेवटच्या खटल्यात तो सोसायटीकडून उभा राहिला आणि सभासदाची बाजू मांडून खाली बसला. मांडलीही इतकी झकास, की सभासद जिंकला. (समोरच्या वकिलाला उठायचंसुद्धा काम पडलं नाही. फी मात्र त्यानं घेतली.) सगळे हसले, हाही हसला. घरी येऊन कोट खुंटीला अडकवला आणि तेव्हापासून जिना उतरलेला नाही. भिंतीकडे तोंड करून बसतो.

मी काही वकिली शिकलेला नाही, पण त्याच्या नोटिसा टाइप करता करता एवढं कळलं, की या माणसाला औषध एकच, भांडण. म्हणून मी चपलांचं कपाट दाराबाहेर, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या जागेत ठेवलं. पूर्वी एवढ्यावर कमिटी पेटून उठली असती. तर शेजाऱ्यांनी त्यात आपल्याही चपला ठेवल्या. मग मी खालच्यांच्या वाळत्या कपड्यांवर कुंड्यांचं पाणी सोडलं. खालच्या बाई तरातरा वर आल्या, मी मनातून खूश, तर त्या हळूच विचारतात, "वकीलकाकांना बरं आहे ना आता?" (याच बाईंनी थेंबभर पाण्यासाठी एकदा आमच्या दारात पोलीस उभा केला होता.) शेवटी अध्यक्षांच्या गाडीच्या जागेत मी मोडका सोफा नेऊन टाकला. अध्यक्ष त्यावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, राहू द्या हो, तुमच्यामागे आधीच काय कमी आहे. जन्मभर एकमेकांच्या उरावर बसलेली माणसं नेमकी गरजेच्या वेळी संत झाली. वर येऊन मी चिडून हे सगळं सांगितलं, तर तुझा बाबा भिंतीकडेच बघत म्हणाला, "दादा, आता हे लोक माझी कीव करायला लागलेत रे."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. चहा टाकला, तोही उतू गेला.

असो. कंबर सांभाळ, वेळेवर जेव.

तुझा,
मोठा काका

ता. क. घर तुझ्या नावावर आहे. मला घर खाली करायची नोटीस पाठव. कडक लिही, त्यात 'काका' हा शब्द कुठेही नको. भावाला बाहेर काढतायत म्हटल्यावर तो उठेल. एखादी चूकही ठेव, त्याला सापडेल अशी. आणि समेट करू नकोस, जमेल तेवढं ताणून धर.

आणखी एक. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोन त्याच्या उशाशी असतो. पाकीट चिकटवून त्याच्याच हातात देणार आहे, माझे गुडघे दुखतात असं सांगून. (दुसऱ्याचं पाकीट तो फोडणार नाही.) पत्रपेटी कोपऱ्यावरच आहे. तुला हे मिळालं, तर समज, तो जिना उतरला.