बाटली कोणासाठी?

इटियाडोहच्या कालव्याकाठून,
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय दामे,

तू बरी असशीलच. नागपूरच्या नोकरीत तुझे गाल वर आलेत, असं तुझी आई गावभर सांगत फिरते. सुलोचनाकाकू येत्या शुक्रवारी तुझ्याकडे येऊन राहिल्या आहेत, त्यांच्या पोह्यांच्या पिशवीत ही चिठ्ठी टाकते. फोन असताना चिठ्ठी कायले, म्हणशील. सांगते, दम धर.

इकडे धान निसवला आहे, लोंब्या बाहेर आल्या. आईचे गुडघे तसेच. बाबा मजेत. आणि आमचा मोहितदादा हवेत! त्याने आपल्या पाणीवाटप संस्थेसाठी मोबाईलचं ॲप बनवलं. कालव्याचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत सोडायचं ते यापुढे फोन सांगणार, आणि फोनमध्ये नाव दिसेल त्याच्याच बांधीचं दार उघडणार. मला म्हणाला, "तू टेस्टिंग शिकली न नागपूरले? मंग पाहून दे."

आता मी काय शिकली ते तुला माहीतच आहे. सर सुरुवातीला पायाभूत गोष्टी शिकवत होते, तेव्हा मला तो पोरखेळ वाटे. वस्तू काय करायला हवी ते आधी लिहा, मग कडेला जाऊन पाहा, एक कमी, एक जास्त. मी मागच्या बाकावर नोकरीच्या जाहिराती पाहत बसायची. पुढे आपोआप तपासणारं टूल आलं, पडद्यावर हिरव्या खुणा पटापट उमटल्या, आणि मला वाटलं, झाली मी टेस्टर!

मग तो इंटरव्ह्यू. मॅडमनी पाण्याची बाटली पुढे ठेवली, म्हणाल्या, "तपासा." मी विचारलं, "कोणत्या टूलने?" अजून आठवलं की कान तापतात. तुझ्यापुढेही तीच बाटली होती. तू विचारलंस, "ही कोणासाठी आहे?" बसमध्ये तू हे हसत हसत सांगितलंस आणि मी साकोली येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

म्हणून यावेळी टूलला हात लावला नाही. सर म्हणायचे तसं पहिल्यापासून सुरू केलं, आणि काय सांगू, मजाच येऊन राहिली होती! पाण्याच्या एका पाळीला जास्तीत जास्त बारा तास. बारा टाकले, घेतले. तेरा टाकले, तेही घेतले! नावाची जागा रिकामी सोडली, तर ॲपने कोणाच्याच नावाने पाणी सोडलं. मोहितदादा चिडला, "असं कोण टाकते वो?" मी म्हटलं, "मी टाकलं न आत्ता." तणतणला, पण दुरुस्त केलं. मग मीही सांगून टाकलं, झालं, चालू करा.

त्याच आठवड्यात शेजारचे श्यामलालकाका आहेत न, त्यांची माय वारली. दुसऱ्या दिवशी पाळी आमची होती. बाबांनी फावडं उचललं आणि पाणी सरळ श्यामलालकाकांच्या बांधीकडे वळवायला निघाले. मी म्हटलं, "बाबा, पाळी आपली आहे." ते म्हणाले, "त्याहीच्या घरी सुतक आहे, शेतात कोण जाईल? आपली मंग पाहू."

दामे, हे मी लहानपणापासून पाहत आली. ज्याच्या घरी मयत, त्याच्या बांधीला शेजाऱ्याने आपली पाळी द्यायची, आपल्या गावात हे सांगावंही लागत नाही. पण ॲप तपासताना माझ्या डोक्यात आलं का? नाही! कालव्याच्या दारावरच्या माणसाने फोन दाखवला. त्यात आमचंच नाव, दुसऱ्याला पाळी द्यायची सोयच नाही. तो म्हणे, फोनमध्ये असेल तसंच करीन. तिकडे श्यामलालकाकांच्या निसवलेल्या धानाच्या बांधीला भेगा पडून राहिल्या होत्या. मी शेताच्या धुऱ्यावर उभी, आणि मला तुझी बाटली आठवली. बटणं सारी पाहिली, पण हे कोणासाठी आहे ते मी विचारलंच नव्हतं.

बाबांनी आवाज चढवला तेव्हा दार उघडलं. संध्याकाळी मी मोहितदादाला धरलं. तो म्हणे, "हे मले कोणी सांगितलं नोतं." मी म्हटलं, "सांगितलं नाही, मग आपण विचारलं काऊन नाही?" आता ॲपमध्ये 'पाळी दिली' असं बटण आहे. या खेपेला मी घरोघर जाऊन विचारलं, आणखी काय काय होऊ शकते. लोकं कंटाळले, मी नाही.

आता फोनचं. दसऱ्याला सोनं द्यायला तू दारात आलीस, तेव्हा मी घरीच होती, धानाच्या कोठीमागे. आईला खोटं बोलायला लावलं. तुझा आवाज ऐकला आणि हललीच नाही. तुझा हेवा वाटला, दामिनी. फार वाटला. तुझे फोन उचलले असते तर तू म्हणाली असतीस, मॅडम पुन्हा नोकरीला मुली घेऊन राहिल्या, सोमवारी इंटरव्ह्यूला ये. हे मला तुझ्या मेसेजवरून माहीत आहे. वाचले सारे, उत्तर एकाचंही दिलं नाही. पुन्हा तुझ्यासमोर नापास होण्याची भीती होती. ती अजून आहे.

पण आता त्या बाटलीला मला खूप काही विचारायचं आहे. झाकण लहान पोराला उघडते का? म्हाताऱ्या हाताला? उन्हात ठेवली तर? तू आणखी काय काय विचारलं होतंस, ते त्या दिवशी मी ऐकूनच घेतलं नाही. सारं सांगजो.

या रविवारच्या बसने नागपूरला येऊन राहिली आहे. स्टँडवर येशील न? उन्हाची येईन, येताना बाटली आण. भरून आण.

कोठीमागून बाहेर आलेली,
तुझी पुष्पांजली