दारापाशीची जागा

शनिवार, २ मे

महिनाभर वहीला हात लावला नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. कुणाची, हा प्रश्न आहेच. ही वही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही आणि मी स्वतःला सहजासहजी माफ करत नाही. पण कारणं खरी आहेत: बदली, सामानाचे खोके आणि आई.

जागा मात्र झकास मिळाली. पाणीपुरवठा केंद्राच्या आवारात, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि तलावाकडे तोंड करून गॅलरी. आई तिथे खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवते. माझं काम तेच जुनं. टाकीच्या आणि नळांच्या पाण्याचे नमुने घ्यायचे, गढूळपणा मोजायचा, क्लोरीन बघायचं आणि दिसेल तो आकडा लिहायचा. मागच्या ठिकाणी साहेबांनी सुचवलं होतं की आकडा जरा गोल करत चला. मी केला नाही, म्हणून इथे आले. आईचं म्हणणं, तुझ्या एका दशांशचिन्हापायी मला म्हातारपणी पुन्हा नव्या स्वयंपाकघरात डबे लावावे लागतायत.

माझ्या आधीचे केमिस्ट मागच्या उन्हाळ्यात कुणाला न सांगता निघून गेले म्हणे. प्रयोगशाळेत त्यांचा कप तसाच होता, खुंटीला कोटही. कप घासून वापरायला घेतला. कोटाला हात लावावासा वाटला नाही.

उन्हाळा सरत आलाय. तलाव आटत आटत मधोमध उरलाय आणि असतील नसतील ते सगळे पक्षी त्या उरलेल्या पाण्याभोवती जमलेत. खोक्यांतून पहिला कॅमेरा निघाला, पातेली नंतर. त्यावरही आईने ऐकवलंच.

शनिवार, ९ मे

इथे पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे, आणि मी त्यात सामील झाले. काठावर गवताने शाकारलेला आडोसा आहे. पुढे बघायला लांबलचक फट, आत एकच बाक. जागा ठरलेल्या. सगळ्यात जुना आतल्या भिंतीपाशी, सगळ्यात नवा दारापाशी. भिंतीपाशी चष्मेवाले काका. गावात त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे आणि मंडळही त्यांनीच काढलेलं. माझ्या शेजारी दातांच्या डॉक्टरबाई. बाकावर त्या कितीतरी वर्षं माझ्या जागेशेजारीच अडकल्यात, असं त्याच हसत म्हणाल्या. मेअखेरीस काकांच्या दुकानात मंडळाच्या फोटोंचं प्रदर्शन असतं, त्यानंतर नवीन कुणी आलं की तुम्हाला बढती, आत सरकायचं, असंही.

काकांनी पक्ष्याजवळ कसं जायचं ते शिकवलं. पक्षी चरायला मान खाली घालतो तेव्हा एक पाऊल टाकायचं. त्याने मान वर केली की खांबासारखं उभं राहायचं. कॅमेरा सतत तोंडापुढे, म्हणजे त्याला आपले डोळे दिसत नाहीत. काका म्हणाले, शेवटी आपण हाताच्या अंतरावर असतो आणि त्या बिचाऱ्याला वाटतं, हे झाड पहिल्यापासून इथेच होतं.

दुकानामागच्या खोलीत मंडळाचे फोटो लावलेत. सुरेख आहेत, पण एकाही पक्ष्याच्या डोळ्यात चकाकी नाही. सगळे डोळे काळेभोर, बटणांसारखे. छापणाऱ्याची चूक असेल म्हणून विचारलं. तर तो मंडळाचा नियमच निघाला: भिंतीवर लावण्याआधी चकाकी काळ्या रंगाने बुजवायची. काकांच्या मते चकाकीने बघणाऱ्याचं लक्ष भरकटतं. मी म्हटलं, पण असा डोळा मेलेला वाटतो. डॉक्टरबाई एरवी कशावरही हसतात. यावर हसल्या नाहीत.

रविवार, १७ मे

आज टिटवीने दिवस सार्थकी लावला.

वाळलेल्या चिखलात तिची अंडी आहेत. मी बाकीच्यांना आडोशात सोडून बाहेर आले आणि बऱ्याच लांब पोटावर पडून राहिले. एक कुत्रा वास काढत आला. एवढासा पक्षी, पण गळा फाडून ओरडत थेट त्याच्या डोक्यावर झेपावला, पुन्हा वळला, पुन्हा झेपावला. बगळ्यांनी माना वर केल्या. सगळा काठ त्या कुत्र्याकडे बघायला लागला, आणि तो ओशाळल्यासारखा शेपूट घालून गेला. टिटवीच्या चोचीला तो घाबरला नसणार. चोरून येणाऱ्याला सगळ्यांनी बघितलेलं परवडत नाही, एवढंच.

नंतर ती सरळ माझ्याकडे बघत उभी राहिली. फोटो इतका स्वच्छ आला की घरी येऊन मोठा करत गेले. डोळ्याभोवतीचं कडं, मग बुबुळ, मग चकाकी. त्या चकाकीत वाकलेला काठ दिसतो, आडोसा दिसतो, आडवी पडलेली मी दिसते. माझ्या बरंच मागे, बांधावर, आणखी एक माणूस उभा आहे. दोन्ही कोपरं वर, तोंडापुढे काहीतरी धरलेलं.

आमच्यापैकी कुणी आलं असेल म्हणून फोन केले. सगळे आतच होते.

'माणूस' असं लिहिलंय खरं. पण मला दिसला तो फक्त आकार. तेव्हा आकार.

बुधवार, २० मे

बगळ्याच्या डोळ्यातही ते आहे. शेकाट्याच्या डोळ्यात आहे. काल बांध उतरून आलेलं होतं, आज आडोशाच्या कोपऱ्याशी आहे. फोटो काढून झाल्या झाल्या मागे वळून बघते, तर मोकळी जमीन.

लेन्स पुसली. डॉक्टरबाईंचा कॅमेरा मागून घेतला. त्यातही तेच.

मी कॅमेऱ्याला डोळा लावते तेव्हा ते पुढे येतं. वळते तेव्हा थांबतं. ही रीत मला ओळखीची वाटत होती. रात्रभर आठवली नाही, सकाळी भाजी चिरताना आठवली. काकांनी शिकवलेली.

रविवार, २४ मे

काकांनी टिटवीचा फोटो पुढच्या रविवारच्या प्रदर्शनासाठी मागितला, डोळा बुजवून. मी नाही म्हटलं. दिसलं ते झाकायचं नाही, हे मी नोकरीत पाळते, तर छंदात का सोडू? काका चष्मा पुसत राहिले. डॉक्टरबाईंनी मला हाताला धरून बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

ते या काठावर फार वर्षांपासून आहे. थव्यात ससाणा कडेचाच पक्षी उचलतो, तसं ते दारापाशी बसणाऱ्याच्याच मागे लागतं. उन्हाळा संपायच्या आत नवीन कुणी दारापाशी बसलं, तर आधीचा आत सरकतो आणि सुटतो. ज्या वर्षी कुणी येत नाही, त्या वर्षी दारापाशीचा जातो. म्हणून तर प्रदर्शन. मागच्या वर्षी प्रदर्शनाला चिटपाखरू फिरकलं नाही. तेव्हा दारापाशी माझ्या आधीचे केमिस्ट बसायचे; ते गाव सोडून कुठेही गेलेले नव्हते. चकाकी बुजवायची ती एवढ्याचसाठी, की आलेल्या लोकांना काही दिसू नये.

बाई म्हणाल्या, आता फक्त आठवडा कळ काढा. बेकरीवाल्या बाईंनी नाव दिलंय.

मी विचारलं की केमिस्टना तुम्ही हे सांगितलं होतं का. त्या म्हणाल्या, मला तरी कुठे कुणी सांगितलं होतं.

बेकरीवाल्या बाई कालच भेटल्या होत्या. बाहीला पीठ, गळ्यात नवा कॅमेरा, त्याचं झाकण काढायचं राहिलेलं. चिमणीचा हललेला फोटो कौतुकाने दाखवत होत्या. मला कुठे बसवतील हो, म्हणून विचारत होत्या.

मंगळवार, २६ मे

स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. हे मी त्या बाईंसाठी करतेय, की मला कुणी आकडा गोल करायला सांगितलेला खपत नाही म्हणून? दोन्ही असावं. दुसरं कारण जास्त असलं तरी चालेल. काम तेच होतं.

निघून जाऊ शकते. पण गेले तर ती जागा रिकामी, आणि रविवारी त्या बाई तिथे बसणार. त्यांना नुसतं तोंडाने सांगितलं तर त्या मला वेडी समजतील. मीही समजले असते.

फोटो मोठा छापून आणला. एका बाजूला टिटवी, दुसऱ्या बाजूला फक्त तिचा डोळा. छापणाऱ्याने गुंडाळी करताना सहज विचारलं, मॅडम, तुमच्या मागे हा कोण उभा आहे?

म्हणजे त्यालाही दिसतं. बघितलं की सगळ्यांना दिसतं.

काकांनी भिंतीवर जागा नाकारली. ठीक आहे. त्यांच्या दाराला बाहेरची बाजू आहे.

गुरुवार, २८ मे

भर दुपारी गॅलरीसमोरच्या तारेवर खंड्या बसला होता. फोटो काढायला नको होता. काढला.

त्याच्या डोळ्यात आमची गॅलरी. मी. आईची खुर्ची. आणि खुर्चीमागे, खोलीच्या दारात— कोपरं वर.

वळले तेव्हा नुसता पडदा. आई शेंगा सोलत होती.

तिला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलतच राहिली. मग म्हणाली की चला, एवढ्या वर्षांनी कुणीतरी तुझ्या पाठीशी उभं राहिलं. मी हसले आणि मग मला रडू आलं. तिने शेंगांचं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, ती तुझी टिटवी काय करते म्हणालीस? मी सांगितलं. ती म्हणाली, मग गप्प बसून कसं चालेल.

शुक्रवार, २९ मे

आता कॅमेरा लागत नाही. आईच्या डोळ्यात दिसतं.

समोरासमोर बसतो. मी तिच्या डोळ्यात बघत राहिले की ते हलत नाही. नजर काढली— ताटाकडे, घड्याळाकडे— की जवळ. ती घास भरवते, मी बघत राहते. लहानपणी तिने माझ्यासाठी एवढं केलं नसेल, असं म्हटलं. तिने लगेच यादी सांगितली.

काकांचा फोन आला. हट्ट सोडा म्हणाले. मी म्हटलं, काका, तुम्ही कोपऱ्यात बसून सुटलात. दारापाशी पहिल्यांदा कुणाला बसवलंत? त्यांनी फोन ठेवला.

आज कामावर जाताना आईला बरोबर नेलं. तीही नमुने बघत बसली. केमिस्टचा कोट खुंटीवरून काढला, झटकला, घडी घालून ठेवला. भीती वाटली. तरी काढला.

शनिवार, ३० मे, संध्याकाळ

प्रदर्शन उद्या. फोटो गुंडाळून दाराशी. खिळे, हातोडी पिशवीत.

लिहायला मान खाली घातली की ते पाऊल टाकतं. माहीत आहे. म्हणून थोडं लिहायचं, वर बघायचं.

आईच्या डोळ्यात— पलंगापाशी.

ती पापणी लववत नाही. डोळ्यांतून पाणी वाहतंय, तरी नाही.

माझ्या खुर्चीमागे.

दिसलं ते लिहायचं. त्याने तोंडापुढे काही धरलेलं नाही. ते जे काळं, गोल, पुढे आलेलं आहे— तेच त्याचं तोंड.

आई म्हणते लिहू नकोस, वर बघ. एवढं एकच लिहिते. मी नसले तर तिने न्यायचा फोटो. तिला सांगितलंय. तिने मला गप्प केलं, म्हणाली दोघी जाऊ.

आता ती ओरडतेय. नजर माझ्यावरच, आणि गळा फाडून, आवार डोक्यावर घेतलंय. खाली दारं उघडल्याचे आवाज. कुणीतरी विचारतंय काय झालं. जिन्यावर पावलं— खूप. माणसांची.

तिच्या डोळ्यात बघितलं. मागे गेलंय. एक पाऊल, पण मागे—

पुन्हा लिहायला खाली बघितलं तर

मानेवर गार. असू दे. अजून ओरडतेय ती, मीही ओरडतेय, लिहितेय आणि ओरडतेय—

उद्या: फोटो मंडळाच्या दारावर, येणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला टांगाय—