आईचे रिपोर्ट माझ्याजवळच राहिले

प्रिय आईस,
तुझ्या प्रीतीचा दुरूनच जय भीम.

मी डब्लिनले सुखरूप पोचली. हॉस्पिटलात रुजू झाली, खोलीही उबदार आहे. तू वेळेवर जेवतेस ना?

वाटेत विमान बदलताना मात्र मले थांबवलं होतं. विमान कंपन्या प्रवाशांची नावं अन् जन्मतारखा पुढच्या देशाले आधीच पाठवतात. तिथले अधिकारी ज्या बाईले शोधून राहिले होते, तिचं नावही प्रीती गजभियेच निघालं.

तिथली अधिकारी बाई म्हणाली, "तुमचा फोन उघडून द्या."

त्यात तुझ्या गाठीचे रामदासपेठेतल्या दवाखान्याचे सगळे रिपोर्ट होते, फोटोसुद्धा. मी म्हटलं, "माझ्या बोटांचे ठसे घ्या, काय पाहिजे ते विचारा. पण यात माझ्या आईच्या आजाराचे कागद आहेत. तिनं ते घरातही कोणाले दाखवले नाहीत."

मग फोन न उघडताच तिनं ठसे जुळवून पाहिले. ते त्या दुसऱ्या प्रीतीचे नव्हते. "जा, तुमचं विमान अजून उभं आहे," म्हणाली. सीटवर बसल्यावर मी खूप रडली, पण जीव हलका झाला म्हणून.

माझे ठसे ते किती वर्षं ठेवतील, हे काही तिनं सांगितलं नाही.

फोनवर हे बोलली नाही, कारण तू स्पीकर लावतेस अन् धाकला भाऊ विक्की बाजूलेच असते. पण परक्यापासून लपवणं वेगळं अन् घरच्यापासून लपवणं वेगळं वं आई. विक्कीले आता तूच सांग, अन् पुढच्या तपासणीले त्याले सोबत घेऊन जा.

तुझीच लेक,
प्रीती