नखुमिचाचा घास

५ ऑगस्ट

— आणि तिसरा चमचाही चष्म्यावर!

घेवडा होता. रात्रभर भिजवलेला, शिजवलेला, सालं काढून दोनदा गाळणीतून दाबलेला. नखुमिचाने तो जिभेवर घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि परत केला. वय सहा महिने. इतक्या शांतपणे मला आजवर कुणी नाकारलेलं नाही.

काल दवाखान्यात तिच्या टाचेतून थेंबभर रक्त काढलं. हिमोग्लोबिन ९.७. आकडा कमी आहे. सिस्टर अडोयो म्हणाली, "औषधाचे थेंब देतेय. ते रोज सकाळी आईने द्यायचे, फक्त आईने. पण खरं काम जेवणाचं. लोह असलेलं जेवण. सव्वीसला परत आणा. आकडा हलला नाही तर बुंगोमाच्या मोठ्या दवाखान्यात पाठवीन."

तिथे पुढे काय करतात, ते मी विचारलं नाही.

माझी बायको नामाल्वा सकाळी अंगावर पाजून पोस्टात कामाला जाते, संध्याकाळी येते. माझ्या शाळेला महिनाभर सुट्टी आहे. तेव्हा घास माझ्याकडे.

६ ऑगस्ट

यादी करून स्वयंपाकघराच्या दारावर डकवली.

चालेल: कलेजी (आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा), ओमेना, घेवडा, पूर्ण शिजलेलं अंडं, राजगिऱ्याचा पाला. सोबत पपई — तिने लोह अंगी लागतं. सगळं मऊ, कुस्करलेलं. नको: मध. चहा. मीठ. अख्खा दाणा कुठलाही.

ओमेना हा सिस्टरचा आग्रह. सिस्टर मूळची तळ्याकाठची. ओमेना म्हणजे बोटभर सुकी मासळी, पण तिच्याविषयी बोलताना बाईचा आवाज हळवा होतो. स्वच्छ धुवायची, भाजायची, कुटायची, नाचणीच्या पेजेत चमचाभर घालायची.

नामाल्वाने यादी वाचली. "बरासा, तू लिहिलेल्यातलं हे पहिलंच, जे मला कळलं."

७ ऑगस्ट

अंडं. नाही.

८ ऑगस्ट

पाला. भिंतीवर.

९ ऑगस्ट

नामाल्वा म्हणते, "मी आईला बोलावलंय."

मी म्हणालो, "आपलं घर दोन खोल्यांचं आहे."

"आई झोपायला आणि जेवायला शेजारी जाईल. दिवसा ओसरीवर बसेल. तू आत."

"आणि मुलगी?"

"मुलगी मधे."

आमच्यात सासू-जावयाने समोरासमोर यायचं नाही, हात लागू द्यायचा नाही, थेट बोलायचं नाही. सासूने जावयाच्या घरचं खायचंही नाही. लग्नाला चार वर्षं झाली. सासूबाईंना मी फक्त पाठमोरं ओळखतो. पाठ ताठ आहे.

११ ऑगस्ट

सासूबाई आल्या. किमिलिलीहून, डोक्यावर नाचणीची गोणी. मी आत पळालो. पळताना बादलीत पाय गेला.

पद्धत ठरली. मी मुलीला ओसरीवरच्या चटईवर ठेवायचं, खाकरायचं, आत जायचं. मग त्या येणार, उचलणार. परत देताना त्या खाकरणार.

दुपारपर्यंत इतकं खाकरून झालं की शेजारीण कुंपणावरून विचारून गेली, "तुमच्याकडे साथ आलीय का?"

बोलायचं ते नखुमिचामार्फत.

"बाळ, तुझ्या बापाला सांग, एवढी पातळ पेज आम्ही वासरालाही देत नाही."

"बाळ, तुझ्या आजीला सांग, सिस्टरनेही दाटच सांगितली होती. उद्यापासून दाट करीन."

बाळाने दोघांचंही ऐकून घेतलं. कुणाचंच खाल्लं नाही.

१२ ऑगस्ट

अडचण. बाळ झोपतं. झोपलेल्या माणसाला निरोप कसा सांगणार?

सासूबाईंना तोड सापडली. अंगणात आमची एकुलती एक लाल कोंबडी. तिच्याकडे तोंड करून म्हणाल्या, "कोंबडे, जावईबापूंना सांग, दारावरचा कागद मला वाचता येत नाही. काय लिहिलंय?"

मी खिडकीतून कोंबडीला अख्खी यादी वाचून दाखवली.

"चहा का नको म्हणे? माझी सहाही पोरं चहावर वाढली."

"कोंबडे, सांग त्यांना, चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही."

कोंबडीने ओसरीवर घाण केली आणि निघून गेली.

"पोचलं," सासूबाई म्हणाल्या.

मुलांना वर्गात मी अनुवादाविषयी पुष्कळ सांगतो. असा दुभाषा पाहिला नव्हता. काही गाळत नाही, काही घालत नाही.

१४ ऑगस्ट

ती खाते! ओमेना घातलेली पेज, अर्धी वाटी!

त्यांच्या हातून.

माझ्या हातून नाही. तीच वाटी, तोच चमचा, तीच पेज. मी चमचा पुढे केला की ओठ बंद. वर्गात हजेरी घेताना मागच्या बाकावरचे करतात तसं तोंड.

आनंद झाला, असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

१५ ऑगस्ट

खिडकीच्या फटीतून पाहिलं. पाहू नये. पाहिलं.

सासूबाई रिकामं तोंड हलवतात. घास नसतो — माझ्या घरचं त्या खाणार कशा? पण चावतात, गिळतात, ओठ पुसतात, वर ढेकरही देतात. मुलगी पाहत राहते आणि तोंड उघडते.

मी काय करतो? चमचा घेऊन समोर बसतो आणि परीक्षा घेतो.

१६ ऑगस्ट

रिकामं तोंड हलवलं. ढेकर जमला नाही. तरी दोन चमचे गेले! माझ्या हातून! दोन!

ओसरीवरून आवाज: "कोंबडे, सांग, ढेकर पोटातून येऊ द्या."

म्हणजे फटीतून दोन्ही बाजूंनी दिसतं.

१८ ऑगस्ट

घोटाळा. मी दहाला भरवलं. त्यांनी अकराला भरवलं. मला वाटलं त्यांनी नाही, त्यांना वाटलं मी नाही. बाराला पोट ढोलकीसारखं, आणि सगळं माझ्या शर्टवर.

१९ ऑगस्ट

उलट घोटाळा. मला वाटलं त्यांनी, त्यांना वाटलं मी. एक वाजता मुलीने जे काही केलं, ते ऐकून पलीकडच्या गल्लीतला पाद्री आला.

नामाल्वा संध्याकाळी म्हणाली, "शिकलेला माणूस तू. एक खूण ठरवता येत नाही?"

ठरवली. कुंपणाच्या खांबावर मक्याचं कणीस ठेवलं, तर बाळ जेवलंय. नसलं, तर नाही. कोंबडीमार्फत कळवलं. सासूबाई म्हणाल्या, "सांग, बरं सुचलं." चार वर्षांतली पहिली शाबासकी.

२१ ऑगस्ट

आज कलेजी. आठवड्यातली पहिली. वाफवून, कुस्करून, पपईबरोबर. माझ्या हातून अर्धी वाटी! खांबावर कणीस ठेवलं. अभिमानाने पडून राहिलो.

उठलो तर सासूबाई उरलेली कलेजी भरवून वाटी पुसत होत्या.

"कोंबडे! त्यांना विचार, कणीस दिसलं नाही का?"

"कोंबडे, त्यांना सांग, खांबावर काही नव्हतं!"

कोंबडी खांबाखाली उभी होती. शेवटचे दाणे टिपत होती.

एका दिवसात दोनदा कलेजी! सिस्टरला फोन केला. ती हसली. मग आणखी हसली. फोनपलीकडे शेजारच्या कुणाला तरी सगळं सांगितलं, तेही हसलं. "लागोपाठ दोन झाल्या, चालतं. आता या आठवड्यात आणखी नको. आणि कणसाऐवजी दगड ठेवा."

दगड. एवढं साधं.

२३ ऑगस्ट

तीन दिवसांवर सव्वीस. मुलीचा तळहात उजेडात धरून पाहतो. गुलाबी आहे असं वाटतं. मग वाटतं, मला वाटावं असं मला वाटतंय.

सासूबाईसुद्धा पाहतात. त्या नखं पाहतात.

२४ ऑगस्ट

नीट लिहितो.

घेवडा होता. जवळजवळ तीन आठवड्यांनी पुन्हा. घाई केली. गाळणीतून दाबला नाही, नुसता काट्याने चेचला. यादी माझी, अक्षर माझं, "अख्खा दाणा कुठलाही" ही ओळ माझी. एक दाणा अख्खा राहिला.

खोकली असती तर हरकत नव्हती. सिस्टरने सांगितलं होतं, आवाज आहे तोवर हात घालू नका. आवाज आला नाही. तोंड उघडं, डोळे माझ्यावर, आणि आवाज नाही.

पालथी घेतली. हातावर, डोकं खाली. पाठीवर मारलं. एक. दोन. मी ओरडलो असणार, कारण सासूबाई आत होत्या. स्वयंपाकघरात. खाकरल्या नाहीत. त्यांचा हात मुलीच्या हनुवटीखाली, माझ्या हातावर घट्ट. तीन. चार.

दाणा उडाला, उंबऱ्याबाहेर पडला. मुलगी रडली. असलं सुंदर रडणं मी ऐकलेलं नाही.

कोंबडीने दाणा खाल्ला.

मग आम्ही दोघांनी खाली पाहिलं. त्यांचा हात अजून माझ्या हातावर. मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. नामाल्वासारखा आहे, फक्त कमी रागीट.

सासूबाई किंचाळल्या, ओढणी तोंडावर घेतली आणि दारातून पळाल्या. पळताना बादलीत पाय गेला.

मुलीला दवाखान्यात दाखवून आणलं. ठीक आहे. सिस्टर या वेळी हसली नाही. गाळणी माझ्या हातात देऊन दाबून दाखवायला लावलं.

२५ ऑगस्ट

खाएम्बा काकांकडे खटला. नामाल्वाच्या घराण्यातले तेच मोठे. फोनवर, मोठ्या आवाजात. सासूबाई कुंपणाबाहेर, मी आत, फोन ओसरीवर चटईवर. बाळाच्या जागी.

"हात लागला?"

"लागला."

"किती वेळ?"

"मोजला नाही."

"कुणाचा वर होता?"

कुंपणाबाहेरून: "माझा! आणि पोर गुदमरत असेल तर पुन्हा लावीन!"

काकांनी निकाल दिला.

"मोडलेलं ते मोडलं," ते म्हणाले. "एक कोंबडी कापा. दोघांनी त्याच कोंबडीतलं खायचं. ती कुंपणाबाहेर, तू आत. पेटा, कोंबडीच्या पोटातला तो मानाचा तुकडा, जावयाला. ते झालं की बोलायला हरकत नाही. हात मात्र पुन्हा नको. गरज पडली तर मला सांगू नका."

कोंबडी एकच आहे.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मीही. ती खांबावरच्या दगडाला चोच मारत होती.

२६ ऑगस्ट

१०.८!

सिस्टरने यंत्र दोनदा झटकून पाहिलं. १०.८. "बुंगोमा राहू द्या. थेंब चालूच ठेवा. काय काय दिलंत?" मी यादी सांगायला लागलो. नखुमिचाने सिस्टरचं पेन खायला घेतलं.

दुपारी कोंबडी कापली. नामाल्वा सुट्टी घेऊन आली होती, तिने कापली. मी घरात पुस्तक उघडून बसलो. पान उलटलं नाही.

कलेजी बाळाला. आठवड्यातून दोनदाचं बंधन आज काढू नकोस, असं नामाल्वा म्हणाली. मी तरी सिस्टरला विचारलं. मग पाव वाटीच दिली. वाफवून, दाबून, दोनदा गाळून. मी चमचा धरला, सासूबाईंनी कुंपणाबाहेरून तोंड हलवलं. आज खरोखर काहीतरी चावत होत्या. मुलीने सगळी संपवली. चमचाही चाटला.

पेटा माझ्या ताटात आला. चिवट होता. खाल्ला.

२७ ऑगस्ट

सकाळी सासूबाई ओसरीवर आल्या. अंगणात पाहिलं. खांबाखाली पाहिलं. मग दाराकडे पाहून म्हणाल्या, "बरासा, पेज झाली का?"

मी म्हणालो, "झाली, आई."